टाकीचं दुसरं भोक

नमस्कार श्रोतेहो.

पंधरा किलोचा तेलाचा डबा घरात आला की त्याला आपण भोकं किती पाडतो? दोन. समोरासमोरच्या कोपऱ्यांत. एकातून तेल बाहेर येतं, दुसऱ्यातून हवा आत जाते. एकच भोक पाडलं तर डबा गचके देतो, तेल थांबून थांबून पडतं. आजचं माझं बोलणं या दुसऱ्या भोकाबद्दल आहे. जुन्या मोटारीच्या पेट्रोल टाकीलाही ते असतं. कुठे झाकणातच बारीक छिद्र असतं, कुठे टाकीच्या माथ्यावरून एक नळी निघून गाडीखाली उतरते. ते बुजलं, की चांगली धडधाकट गाडी भर रस्त्यात मान टाकते.

ज्यांच्या दारात अजून पद्मिनी, अँबेसेडर किंवा जुनी जीप उभी आहे त्यांनी जरा कान देऊन ऐका. या गाड्यांचा पेट्रोल पंप, म्हणजे मेकॅनिक ज्याला एसी पंप म्हणतात तो, इंजिनाच्या कुशीत असतो. आतला पडदा वरखाली होतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. ओढलेल्या पेट्रोलच्या जागी टाकीत हवा यायला हवी. ती आली नाही तर टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाचा जोर अपुरा पडतो. कार्बोरेटरची वाटी, म्हणजे इंजिनाला लागणारं पेट्रोल जिथे थोडं साठतं ती, रिकामी होते, गाडी दोनचार आचके देते आणि बंद पडते. दहापंधरा मिनिटं उभी ठेवली की कुठल्या तरी फटीतून थोडी हवा शिरते आणि गाडी पुन्हा सुरू होते. लक्षात ठेवा, थोडा वेळ थांबलं की सुरू होते. सगळा घोटाळा इथेच आहे. माझ्या मामांच्या गाडीची गोष्ट सांगतो, म्हणजे कळेल.

मामांची पद्मिनी 1978 सालची, पांढरी, कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली. तिची मूळ टाकी गंजली म्हणून मामांनी पेणच्या एका टाकीवाल्याकडून नवी करून घेतली होती. झाकण कुलपाचं, घट्ट बसणारं, आणि हवेसाठी करंगळीएवढी नळी मागच्या चाकाजवळ खाली सोडलेली. एका वर्षी मामांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी सगळा पावसाळा पेणला पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. दिवाळीनंतर वाईला मावसबहिणीचं लग्न. मामा म्हणाले, "मी एसटीनं येणार नाही. माझ्या गाडीतनं येणार."

आदल्या दिवशी मी गाडी गावात फिरवली. टाकीत पेट्रोल तळाशी होतं, गाडी तासभर मस्त चालली. सकाळी पंपावर टाकी काठोकाठ भरली आणि निघालो. मामा पुढे, मामी आणि आहेराच्या पिशव्या मागे.

खोपोली यायच्या आत गाडी आचके देऊन थांबली. मामा म्हणाले, "पंप तापला." जुन्या ड्रायव्हरांचा ठरलेला उपाय केला. फडकं ओलं करून पंपावर टाकलं. वीस मिनिटांनी गाडी सुरू. आम्ही खूश. जुन्या रस्त्यानं बोरघाट चढायला लागलो. शिंगरोबाच्या देवळापाशी मामींनी नेहमीप्रमाणे खिडकीतून नाणं टाकलं आणि पुढच्याच वळणावर गाडी पुन्हा बंद. पुन्हा फडकं, पुन्हा पाणी. प्यायला आणलेलं निम्मं पाणी पंपानंच प्यायलं.

इथे एक सांगतो. 2002 साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला, वेळ वाचला, चांगलंच झालं. पण जुन्या घाटात एक माया होती, ती त्या रस्त्यावर नाही. जुन्या घाटात बॉनेट उघडं दिसलं की येणारा-जाणारा विचारायचाच. जुनी गाडी घेऊन निघणाऱ्यानं अजूनही जुन्याच रस्त्यानं जावं, असं माझं ठाम मत आहे.

तर, असाच एक ट्रक थांबला. गुळाच्या ढेपी उतरवून कोल्हापूरकडे परत चाललेला. ड्रायव्हर साठीचे, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. त्यांनी पंपावरच्या फडक्याला हात लावून बघितला. "गार हाय की ह्यो," म्हणाले. मग मला विचारलं, "टाकी कवा भरली?"

"सकाळीच. फुल केलीय."

ते काही बोलले नाहीत. रस्त्याच्या कडेला जाऊन हातातली बिडी टाचेखाली चांगली चिरडली, मग मागे आले. "किल्ली द्या टाकीची." मामांनी किल्ली दिली. झाकण अर्धा आटा फिरलं आणि आवाज आला, फुस्स! हवा बाहेर पडल्याचा नव्हे, आत शिरल्याचा. पाठोपाठ डिकीतून पत्रा उसळल्यासारखा डब् असा दणका. आत ओढला गेलेला टाकीचा पत्रा मूळ जागी आला होता. मामी दचकून उतरल्या.

"मारा सेल."

चारपाच सेल्फ मारल्यावर वाटी भरली आणि गाडी सुरू झाली.

"पावणं, टाकीचा दम कोंडलाय," ते म्हणाले. "धा किलोमीटर गेलं की झाकान खोला, हवा घिऊ द्या, परत लावा. वाईत खालची नळी बघा." मामांनी लग्नाच्या लाडवांची पुडी त्यांच्या हातात दिली आणि त्यांनी ती कपाळाला लावून घेतली.

वाईपर्यंत मामा मैलाचे दगड मोजत होते. दर दहा किलोमीटरला फुस्स. गाडी एकदाही बंद पडली नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी गाडीखाली आडवा झालो. नळीचं तोंड करड्या, कोरड्या मातीनं लिंपलेलं, अंगठ्यानं सारवल्यासारखं गुळगुळीत. कुंभारीण माशीनं घर केलं होतं! ब्रेकच्या तारेनं कोरलं तर मातीचा चुरा पडला आणि त्यात वाळलेल्या हिरवट अळ्या, चार की पाच. पिल्लांसाठी भरून ठेवलेली शिदोरी ती. मामा खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी त्या अळ्या तळहातावर घेतल्या आणि बराच वेळ बघत राहिले.

आता मला विचारा, आदल्या दिवशी तासभर चाललेली गाडी त्या दिवशीच का रुसली? टाकी भरलेली होती म्हणून. टाकी जवळजवळ रिकामी असते तेव्हा आत तीसपस्तीस लिटर हवा असते. त्यातून लिटरभर पेट्रोल गेलं तर हवा जराशी पसरते, दाब फारसा उतरत नाही. टाकी काठोकाठ असली तर वर हवाच नसते, आणि लिटरभर पेट्रोल जाताच मोठी पोकळी होते. म्हणून पुन्हा सांगतो. टाकी भरल्यावर लवकर बंद पडणारी आणि टाकी अर्ध्यावर आली की बरी चालणारी गाडी असेल, तर पंपाला हात लावायच्या आधी हवेची वाट तपासा. गॅरेजमध्ये गेलात की पहिल्यांदा पंप बदलतात, मग कार्बोरेटर. सुटे भाग मिळत नाहीत अशा दिवसांत चांगला पंप काढून टाकणं मला पाप वाटतं.

पेट्रोलची वाफ होऊन पंप अडतो हेही खरं आहे, मे महिन्यात घाटात होतं. दोन्हींत गाडी थांबल्यावर बरी होते. फरक ओळखायचा झाकणानं. गाडी बंद पडल्या पडल्या, लगेच, झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी पाठोपाठ सुरू झाली, तर वाट बुजलीय. आवाज नाही आणि गाडी गार झाल्यावरच सुरू झाली, तर उष्णतेकडे बघा. झाकण उघडताना जवळ विडी-काडी नको, हे सांगायला नकोच.

वाट साफ करताना नळी टाकीपासून सोडवून घ्या, मगच फुंका. जोडलेल्या नळीत पंक्चरवाल्याची हवा मारू नका, कचरा टाकीत जाईल आणि जुना पत्रा फुगेल तो वेगळाच. झाकण हरवलं असेल तर बाजारातलं दिसेल ते बसवू नका. नव्या गाड्यांची वाफ कोळशाच्या डब्यात जाते, त्यांची झाकणं बंद असतात. ते झाकण जुन्या टाकीवर आटे जुळून बसेल, पण पुरेशी हवा देईलच असं नाही.

उलटाही त्रास असतो. जमिनीखालच्या टाकीतलं गार पेट्रोल काठोकाठ भरून गाडी उन्हात लावली, तर पंधरा अंशांच्या फरकानं चाळीस लिटरचं पेट्रोल अर्धा लिटरहून जास्त फुगतं. ते झाकणातून ओघळतं आणि रंग खातं. डिकीत वास येत असेल तर रबरी नळीला चिरा गेल्यात का बघा. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं जुनं रबर लवकर खराब होतं, तेव्हा नळी बदलताना त्याला टिकणारीच मागा.

मामांच्या गाडीच्या त्या नळीवर मी पितळी जाळीचा तुकडा तारेनं बांधलाय, चहाच्या गाळणीचा. दर पावसाळ्यानंतर मामा मला फोन करून विचारतात, "जाळी बघितलीस का रे?" मी पेणला जातो, गाडीखाली आडवा होतो आणि बघतो. गेल्या वर्षी जाळीवर थोडी ओली माती लागलेली होती. पुसून काढली आणि तिथून हातभर लांब, शेडच्या वाशाला, तिनं नवं घर बांधलेलं दिसलं. ते तसंच राहू दिलंय.