परदेशातून आलेली डिस्क इथे का लागत नाही

नमस्कार मंडळी. राजारामपुरीत आमच्या गल्लीत एक काकू राहतात. त्यांचा मुलगा बारा वर्षं अमेरिकेत नोकरी करून गेल्या वर्षी कायमचा घरी आला. सामानात डीव्हीडींचा एक खोका होता. दिवाळीच्या साफसफाईत मी गेले, तर काकू त्या डिस्कांच्या भोकांतून सुतळी ओवत बसलेल्या. गच्चीवर कबुतरं फार झाली होती, चकाकणारं काही टांगलं की ती येत नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "सगळ्या खराब झाल्यात गं. फिरतात, पण लागत नाहीत." मी तो खोका घरी आणला. ३१ डिस्क होत्या. त्यांतल्या २९ माझ्याकडे व्यवस्थित लागल्या.

आज बोलायला उभी आहे ती त्या खोक्यामुळे. कोल्हापुरातल्या कितीतरी घरांतली मुलं आता बाहेर जातात, काही परत येतात. मी स्वतः शिकागोत नऊ वर्षं काढली. डिस्क लागली नाही की आपण ती खराब ठरवतो आणि टाकून देतो. पण ती नेमकी कुठे अडलीय हे ओळखता आलं, तर बहुतेक वेळा वाचवता येते.

आधी विजेचं सांगते, कारण तिथे चूक झाली तर दुरुस्तीला वाव राहत नाही. अमेरिकेत १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. प्लेअरच्या पाठीवर '१००–२४० व्होल्ट' असं छापलं असेल तर फक्त पिन बदला. माझ्या प्लेअरवर नुसतं १२० होतं. मी न वाचता तो सॉकेटला लावला आणि दोन मिनिटांत जळका वास आला.

आता डिस्कवरचं कुलूप. डीव्हीडी बाजारात आली १९९६ सालच्या नोव्हेंबरात, जपानमध्ये. पुढच्या मार्चमध्ये अमेरिकेत. त्या काळी एकच सिनेमा अमेरिकेत आधी लागायचा आणि इतर देशांत काही महिन्यांनी. अमेरिकेतली डिस्क दुसऱ्या देशात थिएटरच्या आधी पोचू नये आणि प्रत्येक देशात वेगळी किंमत लावता यावी, म्हणून स्टुडिओंनी जगाचे भाग पाडले, त्यांना म्हणतात रीजन. अमेरिका आणि कॅनडा पहिला. युरोप आणि जपान दुसरा. ऑस्ट्रेलिया चौथा. भारत पाचवा, आपल्यासोबत रशिया आणि आफ्रिकेचा बराचसा भाग. चीन सहावा. डिस्कच्या पाकिटावर मागे पृथ्वीच्या गोलाचं छोटं चित्र असतं, त्यात हा आकडा असतो. तिथे १ असेल आणि तुमचा प्लेअर फक्त ५ ओळखत असेल, तर पडद्यावर चुकीच्या रीजनची पाटी येते आणि डिस्क बाहेर पडते. डिस्कला काहीही झालेलं नसतं. सगळ्या रीजनच्या डिस्क घेणारा मल्टीरीजन प्लेअर मिळाला की प्रश्न संपला. आपल्याकडे विकलेल्या काही प्लेअरमध्ये तर रिमोटवर ठरावीक आकडे दाबूनही हे कुलूप निघतं. आपल्या बऱ्याच हिंदी सिनेमांच्या डिस्कांवर रीजनचं बंधन नसतंच, म्हणून इथे राहणाऱ्याला हा प्रकार कधी कळलाच नाही.

कॉम्प्युटरवर मात्र जपून. माझ्या भाच्याने काय केलं ते ऐका. त्याने माझी रीजन १ ची डिस्क लॅपटॉपात घातली. रीजन बदलू का, असं विचारणारी चौकट आली. त्याने 'हो' केलं. मग इथली डिस्क घातली, पुन्हा 'हो'. असं आलटून पालटून चाललं होतं. त्या चौकटीत खाली 'बदल शिल्लक' म्हणून एक आकडा असतो. पाच, चार, तीन. कोणी वाचत नाही. पाचव्या बदलानंतर ड्राइव्ह कायमचा एका रीजनला बांधला जातो. विंडोज पुन्हा टाकून उपयोग नाही, कारण ती मोजणी ड्राइव्हच्या आतच ठेवलेली असते. तेव्हा ती चौकट आली की थांबा. परदेशी डिस्कांसाठी यूएसबीवर चालणारा वेगळा ड्राइव्ह घ्या आणि तो एकाच रीजनला लावून ठेवा. कॉम्प्युटरवरचा व्हीएलसी हा प्रोग्रॅम पुष्कळ ड्राइव्हवर रीजन न बघता डिस्क लावतो, पण काही ड्राइव्ह त्यालाही दाद देत नाहीत.

कायद्याचं भय अनेकांना वाटतं. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५अ हे कलम आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं संरक्षण तोडणं त्यात गुन्हा आहे. नकला काढून विकणं गुन्हाच आहे आणि असावाही. पण पैसे मोजून घेतलेली डिस्क आपल्या घरी आपण बघणं, यात मला काही चूक दिसत नाही. नॉर्वेतल्या योन लेक योहानसेन या मुलावर डीव्हीडीचं कुलूप उघडणाऱ्या प्रोग्रॅमवरून खटला झाला होता. २००३ साली तो निर्दोष सुटला. स्वतः विकत घेतलेली डिस्क बघण्याचा त्याला हक्क आहे, असं तिथल्या कोर्टाने मानलं.

आता ज्याने मला सगळ्यात जास्त त्रास दिला ते. माझ्या नणंदेचं लग्न इथे झालं, मला येता आलं नाही. सासूबाईंनी लग्नाची डीव्हीडी कुरिअरने शिकागोला पाठवली. घरगुती डिस्क, तिच्यावर रीजनचं कुलूप कुठलं? तरी लावली तर काळंपांढरं चित्र वरून खाली सरकत राहिलं. अक्षता पडताना मंगलाष्टकं ऐकू येत होती आणि नणंदेचा चेहरा काही दिसत नव्हता. मी रडले त्या दिवशी.

कारण असं. आपल्याकडे टीव्हीची पद्धत पाल होती, तिथे एनटीएससी, आणि डिस्काही त्याच पद्धतींच्या निघाल्या. पालमध्ये सेकंदाला २५ चित्रं आणि ५७६ ओळी. एनटीएससीत साधारण ३० चित्रं आणि ४८० ओळी. आपल्याकडचे प्लेअर आणि टीव्ही सहसा दोन्ही घेतात. अमेरिकेतले बरेच प्लेअर पाल घेत नाहीत. म्हणजे तिकडून इकडे येणाऱ्याची अडचण रीजनची, इकडून तिकडे जाणाऱ्याची पालची. कॉम्प्युटरला या पद्धतींचं काही वाटत नाही. तीच लग्नाची डिस्क मी पुढच्या आठवड्यात शेजारणीच्या लॅपटॉपवर पाहिली, नणंदेच्या मुंडावळ्यांतला मोती न् मोती दिसला. मुलांना इथून काही पाठवायचं असेल तर फोटोग्राफरकडून पेन ड्राइव्हवर फाइल मागून घ्या.

पालची आणखी एक गोष्ट आहे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी काढलेला असतो. पाल डिस्कवर तो बहुधा २५ ने पळवतात, म्हणून दीडशे मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो आणि आवाजही चढतो. दिरांनी लंडनहून एका जुन्या संगीतपटाची डिस्क आणली होती. सासरे देवल क्लबात गाणं ऐकत म्हातारे झालेले. पहिल्याच गाण्याला म्हणाले, "पट्टी वर गेलीय." आम्हाला पटेना. त्यांनी पेटी काढली आणि दाखवलं. पांढरी एक ते काळी एक एवढं जे अंतर, त्याच्या साधारण दोनतृतीयांश इतका सूर खरोखर चढलेला होता.

डीव्हीडीनंतर आलेल्या ब्लू-रे डिस्कांचे भाग तीनच, ए, बी आणि सी, भारत सीमध्ये. त्यानंतरच्या फोरके (4K) डिस्कांना रीजन नाही.

काकूंच्या न लागलेल्या दोन डिस्का मात्र मनातून जात नाहीत. त्या घरी लिहिलेल्या होत्या, नातवाच्या पहिल्या वाढदिवसाच्या. विकतच्या डिस्कवर खुणा साच्याने दाबलेल्या असतात. घरी लिहिलेल्या डिस्कवर त्या एका रंगद्रव्याच्या थरात जाळलेल्या असतात, आणि तो थर उन्हाने, उष्णतेने मरतो. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हाताने कॅमेरा घडवला, त्याच गावात त्यांनी काढलेली १९२० ची 'सैरंध्री' आज आपल्याला पाहायला मिळत नाही. म्हणून विकतचे सिनेमे राहू द्या, आधी मुंज, बारसं, लग्न असं हाताने लिहिलेलं ज्या डिस्कवर आहे, ती हार्ड डिस्कवर उतरवा. दोन ठिकाणी ठेवा.

मी मल्टीरीजन प्लेअर आणि एक लॅपटॉप आणलाय, मागच्या टेबलावर आहेत. ज्यांनी घरून डिस्का आणल्यात त्यांनी तिकडे या. घरगुती डिस्का आधी घेऊ.