घडीच्या चाकूच्या बोचऱ्या कडा : काय घासायचं आणि काय सोडायचं

नमस्कार मंडळी. आजचा विषय चाकूच्या धारेचा नाही. धार सोडून चाकूला ज्या बाकीच्या कडा असतात, म्हणजे पात्याची पाठ, मुठीतल्या धातूच्या पट्ट्या (लायनर), खिशाची क्लिप, उघडं पातं अडवून धरणारं लॉक सोडवायची जागा, त्या हाताला बोचत असतील तर काय करायचं, एवढंच बोलायचं आहे. काम सोपं आहे. पण ते उरकायच्या घाईत माणसं लॉकच घासून ठेवतात, म्हणून जरा तपशिलात जाऊ.

आधी बोचतं कुठे ते नेमकं शोधा. नवा चाकू हातात फिरवून ते कळत नाही. जाड पुठ्ठा नाहीतर मऊ लाकूड दहा मिनिटं कापा आणि मग तळहात बघा. लाल वळ उठले असतील तिथेच काम आहे. दुसरी परीक्षा कापसाची. कापसाचा बोळा सगळ्या कडांवरून हलकेच ओढा. धागे अडकले तर तिथे बर आहे, म्हणजे कडेला उभी राहिलेली धातूची बारीक टोचरी किनार. पत्रा ठोकून कापला की एका बाजूची कड गोलसर दबते आणि दुसऱ्या बाजूला बारीक बर उभी राहते, त्यामुळे क्लिपची किंवा लायनरची एकच बाजू टोचते. सापडलेल्या जागा मार्करने रंगवा. घासताना रंग कुठे गेला आणि कुठे राहिला हे दिसत राहतं, हात भरकटत नाही.

आता तीन दुखणी वेगळी करा. बर असेल तर चार-पाच हलक्या हातांत जाते. कोपरा नव्वद अंशांचा कोरा असेल तर तो मोडावा लागतो, आणि त्याला 0.2 ते 0.5 मिलिमीटरची गोलाई पुरते. तिसरं दुखणं आकाराचं. क्लिपचा फुगवटा तळहाताच्या मधोमध येतो, किंवा मूठच हाताच्या मानाने बारीक आहे. हे घासून जात नाही. क्लिप काढून टाका किंवा दुसऱ्या बाजूला बसवा. मुठीचा आकार बदलायला निघालात तर तो वेगळा उद्योग आहे, आज त्यात शिरत नाही.

हत्यारं थोडीच लागतात. पात्याचं पोलाद साधारण 58 ते 62 रॉकवेल (कडकपणाचं माप) कडक असतं. साधी कानस त्याच्या आसपासच असते, म्हणून ती पात्यावरून नुसती घसरते आणि स्वतःच बोथट होते. पात्यासाठी हिऱ्याची बारीक कानस घ्या, नाहीतर सिलिकॉन कार्बाइडचा वॉटर पेपर : 400, 600 आणि 1000 नंबर. लायनर, क्लिप, पितळ, अॅल्युमिनियम यांना साधी बारीक कानस चालते. अॅल्युमिनियम कानशीच्या दातांत भरून बसतं आणि मग ओरखडे काढतं, म्हणून कानशीला आधी खडू चोळा. फिरतं यंत्र शक्यतो बाजूला ठेवा. पात्याचं टोक पातळ असतं, क्षणात तापतं, आणि पोलादावर पिवळसर झाक आली की तापमान दोनशे अंशांच्या वर गेलं समजा. बऱ्याच पोलादांचा कडकपणा तिथून उतरायला लागतो. हाताने घासताना ही भानगड उरत नाही.

काम सुरू करण्याआधी धारेवर मास्किंग टेपचे तीन-चार थर द्या. पातं ज्या खिळ्यावर फिरतं त्या पिव्होटच्या दोन्ही फटी टेपने बंद करा. घासलेली पूड आत गेली तर चाकू करकरतो, आणि पिव्होटमध्ये छऱ्यांचं बेअरिंग असेल तर तो उघडावाच लागतो.

पात्याच्या पाठीकडे येऊ. इथे एक धोका लोकांच्या लक्षात येत नाही. चाकू उघडा धरून पाठीवर वरून दाब दिला की तो दाब पातं मिटण्याच्या दिशेने जातो, म्हणजे सगळा भार लॉकवर येतो. लॉक सुटलं तर पातं बोटांवर. म्हणून मूठ हातात धरून पाठ घासू नका. पातंच लाकडी ठोकळ्यावर आडवं टेकवा, किंवा चामडं लावलेल्या शिकंज्यात पातं पकडा आणि मूठ मोकळी राहू द्या. हिऱ्याच्या कानशीने आधी दोन्ही कोपऱ्यांवर 45 अंशांची बारीक उतरंड काढा, पाच ते आठ हात. कानस पुढे जाताना कापते, परत आणताना उचला. मग 400 नंबरच्या ओल्या कागदाची दोन सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या आणि बुटाला पॉलिश करताना फडकं ओढतात तशी पाठीवरून आडवी ओढा. उतरंडीचे कोपरे तिथेच मिटतात. 600 आणि 1000 ने ओरखडे काढा. हे नुसतं दिसण्यासाठी नाही, खडबडीत ओरखड्यांत ओल टिकते आणि गंज तिथूनच धरतो.

सगळी पाठ गोल करायची गरज नसते. अंगठा टेकतो तो मागचा तिसरा हिस्साच पुरतो. चकमकीच्या सळीवर ठिणगी पाडायला पाठीचा कोरा कोपराच लागतो, तेव्हा ज्यांना ते काम आहे त्यांनी पुढचा भाग तसाच ठेवावा. पाठीवर अंगठ्यासाठी खाचा असतील तर त्या पुसून टाकू नका. त्या पकडीसाठीच आहेत, फक्त त्यांच्या शेंड्यांचा कोरेपणा मोडायचा. कागद खोडरबरावर गुंडाळा आणि तीन-चार हातांत थांबा.

धारेची मुठीकडची टाच बोटाला लागत असेल तर बारीक दगडावर तो टोकाचा कोपरा एक-दोन हातांत बोथट करा, त्याहून जास्त नको.

आता ज्या जागांना हात लावायचा नाही त्या. लायनर लॉक (मुठीतली पातळ पट्टी) आणि फ्रेम लॉक (मुठीचीच जाड बाजू) यांत पट्टीचं टोक पात्याच्या बुडाला टेकतं. ते टेकणारे दोन्ही पृष्ठभाग दशांश मिलिमीटरच्या हिशोबाने बसवलेले असतात. तिथे कागद लागला की लॉक घसरतं किंवा पातं डुगडुगतं, आणि घासलेलं परत येत नाही. उघडलेलं पातं जिच्यावर थांबतं ती स्टॉप पिन टेकते ती जागा, चाकू मिटलेला धरून ठेवणारा डिटेंटचा बारीक गोळा, आणि साध्या स्प्रिंगच्या चाकूत पात्याच्या बुडाचा धारेकडचा छोटा उंचवटा म्हणजे किक, हीसुद्धा तशीच. किक घासली तर मिटताना पातं खोल जातं आणि धार स्प्रिंगवर आपटते. मात्र लॉक सोडवताना अंगठा पट्टीच्या ज्या कडेवर दाबतो, ती बाहेरची कड बेधडक गोल करा. बहुतेक चाकूंत तीच सगळ्यात जास्त बोचते. काम करताना पट्टीच्या टोकावर टेप ठेवा. बोटाने झटकून पातं उघडायला बुडाशी जो कान असतो, त्या फ्लिपरच्याही फक्त बाजू मोडा; शेंडा गोल केलात तर बोट सटकतं आणि पातं अर्ध्यातच थांबतं.

मुठीत जिथे दोन वस्तू शेजारी येतात तिथे वेगळी अडचण आहे. पितळी लायनर आणि लाकूड एकत्र घासलं की मऊ लाकूड आधी झिजतं आणि धातू अजूनच वर येतो. लाकूड सुकून आकसलं की लायनर वर डोकावतो, ते दुखणं तर नेहमीचंच. अशा ठिकाणी कागद बोटाने दाबू नका, सपाट कडक पट्टीवर चिकटवून घासा म्हणजे दोन्ही एका पातळीत राहतील.

जी-10 (राळेत दाबलेलं काचतंतूंचं कापड) आणि कार्बन फायबरची पूड फुप्फुसाला वाईट. ओलं घासा, एन-95 मास्क लावा, चिखल सुकण्याआधी पुसून घ्या. घासलेली कड पांढुरकी दिसेल, मिनरल ऑइलचा एक थेंब चोळला की परत गडद होते. रंगीत अॅल्युमिनियम आणि टायटॅनियमचा रंग मात्र जातो आणि तिथे रुपेरी रेघ राहते; ती पसंत नसेल तर आधीच विचार करा. टायटॅनियमची कोरडी बारीक पूड पेट घेते, तिचा ढीग साठू देऊ नका.

क्लिप काढूनच घासावी. तिचे स्क्रू बहुधा टी-6 चे (चांदणीसारख्या खाचेचे) असतात आणि चिकटद्रव्याने बसवलेले असतात. नुसत्या जोराने डोकं घासलं जातं, म्हणून आधी सोल्डरिंग आयर्नचं टोक दहा-पंधरा सेकंद टेकवून स्क्रू गरम करा. खिशाच्या कडेवर घासणारं क्लिपचं टोक आतून गोल करायला विसरू नका, पँट तिथेच फाटते.

झाल्यावर टेप काढा, कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना ब्रश घेऊन चाकू धुवा, नीट कोरडा करा आणि पिव्होटवर पातळ तेलाचा एक थेंब सोडा. पात्यावर काळा लेप होता आणि तो पाठीवरून गेला असेल, तर तिथलं पोलाद आता उघडं आहे. डी-2 जातीचं किंवा साधं कार्बन पोलाद असेल तर त्या रेघेवर दर वापरानंतर तेलाचं बोट फिरवा. बोटं पात्याच्या वाटेतून बाहेर ठेवून उघडा चाकू लाकडावर पाठीच्या बाजूने हळू दाबून लॉक तपासा, आणि मग पुन्हा तोच दहा मिनिटांचा पुठ्ठा कापा. अजून कुठे वळ उठला तर तेवढीच जागा परत घ्या.