आल्प्समधले होस्ट आणि आपली बुधवारची सुट्टी

नमस्कार मंडळी! आपल्याकडे तारकर्ली-देवबागला डिसेंबर आला की घरोघरी पाहुणे, आणि त्याच सुमारास तिकडे फ्रान्सच्या आल्प्समध्ये स्कीइंगचा सीझन सुरू होतो, तो साधारण एप्रिलपर्यंत चालतो. तिथे डोंगरात लाकडी घरं असतात, शॅले म्हणतात, अख्खं घर एका ग्रुपला आठवडाभर द्यायचं आणि त्यांचं खाणंपिणं, साफसफाई बघायला एक-दोन तरुण पोरं ठेवायची, ते शॅले होस्ट. माझ्या भाचीने हॉटेल मॅनेजमेंट केलंय, तिच्या डोक्यात हे खूळ शिरलं म्हणून मीपण जरा खोलात शिरले.

काम काय, तर सकाळी सातला किचनमध्ये. अंडी, टोस्ट, ओट्सची लापशी. पाहुणे बाहेर पडले की भांडी, बाथरूम, बेड, आणि चहासोबतचा केक भाजून ठेवायचा. मग दुपार मोकळी, स्वतः स्कीइंगला पळायचं. संध्याकाळी परत, स्टार्टर, मेन, डेझर्ट, वाइन ओता, आवराआवर करा. म्हणजे आपल्याकडच्या होमस्टेवाल्या बायका करतात तेच की, फक्त सोलकढीच्या जागी वाइन! आणि उंचीची भानगड वेगळीच, वाल दिझेर हे गाव 1850 मीटरवर आहे, तिथे पाणी 94 डिग्रीच्या आसपासच उकळतं, अंडं शिजायला जास्त वेळ, आणि केकला बेकिंग पावडर कमी घालावी लागते नाहीतर आधी फुगतो आणि मग मधोमध बसतो.

पगार बेताचा असतो हो. पण राहणं, जेवण, डोंगरावर नेणाऱ्या स्की-लिफ्टचा पास, स्कीचं सामान बहुतेक ठिकाणी मिळतं, पोरं त्यासाठीच जातात. पूर्वी यात ब्रिटिश पोरांचा भरणा असायचा, 2021 पासून ब्रेक्झिटमुळे त्यांनाही परवाने लागायला लागले, मग आपल्या पासपोर्टचं काय बोलायचं. वर्क व्हिसाशिवाय हे काम करता येत नाही, आणि कुणी एजंट 'टुरिस्ट व्हिसावर जा, पुढचं बघू' म्हणाला तर त्याला दारातूनच वाटेला लावा. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी झालेल्या एजंटांची यादी आहे, पैसे द्यायच्या आधी ती बघा. भाचीला मी म्हटलं, बाय, आधी गुलमर्गला एक सीझन कर, 2650 मीटर उंची आहे, बर्फ तोच आणि व्हिसा नको.

पण मला त्यातलं खरं आवडलं ते वेगळंच. तिकडे बहुतेक शॅलेत पाहुणे शनिवारी येणार आणि पुढच्या शनिवारी जाणार, मधल्या दिवसांत येजा नाही. आणि आठवड्यातून एक दिवस होस्टला सुट्टी, त्या रात्री पाहुण्यांनी बाहेर जेवायचं, हे बुकिंगच्या वेळीच सांगितलेलं असतं, कुणी तोंड वाकडं करत नाही. आपल्याकडे? रात्री अकराला फोन, 'काकी, कणकवलीला पोचलोय, सुरमई ठेवा.' दिवाळीपासून मे अखेरपर्यंत आपली बाई चुलीसमोरून हलत नाही, आणि आपण त्याला आपुलकी म्हणतो. मला तर ते निव्वळ राबवणं वाटतं.

यंदा आम्ही बुधवारी रात्रीचं जेवण बंद केलंय. बुकिंग करतानाच सांगतो, मालवण बाजारात कुठे काय चांगलं मिळतं त्याची यादी देतो, रिक्षावाल्याचा नंबर देतो. पुण्याचं एक कुटुंब रुसलं, पण बाकीचे मजेत बाजार फिरून आले, आणि सासूबाई बुधवारी दशावतार बघायला जातात.