खाडा होणार नाही, याची हमी

नमस्कार, श्रोते हो.

घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं की सिस्टर किंवा मावशी पुरवणाऱ्या ब्युरोशी बोलणी करावी लागतात. पहिला प्रश्न पैशांचा, दुसरा खाड्याचा. "मध्येच खाडे नाही ना होणार?" पलीकडून उत्तर येतं, "काळजीच सोडा. एक दिवस खाडा होणार नाही, आमची हमी." आपला जीव भांड्यात पडतो. रजिस्ट्रेशनचे पैसे भरले जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ताई दारात हजर.

ही हमी ब्युरो कशाच्या जोरावर देतो, ते आपण विचारत नाही. मी नर्सिंगमधून निवृत्त झाले आणि आता घरोघरी रुग्णसेवेला जाणाऱ्या मुलींना शिकवते. त्यामुळे या हमीची दुसरी बाजू माझ्या कानावर सारखी येते.

या मुली बहुतेक गावाकडून आलेल्या. नांदेड, लातूर, यवतमाळ. चौघीपाचजणी मिळून पुण्यात धनकवडीला नाहीतर वारज्याला एक खोली घेतात. कुणी एएनएम हा नर्सिंगचा कोर्स झालेली, कुणी सहा महिन्यांचा कोर्स केलेली, कुणी नुसती काम करता करता शिकलेली. पेशंटच्या घरी गेल्यावर सगळ्यांनाच सिस्टर म्हणतात. बारा तासांची ड्युटी असते, किंवा चोवीस तासांची, म्हणजे पेशंटच्याच खोलीत मुक्काम.

आता यांतल्या एकीला ताप आला. ती रात्री ब्युरोला फोन करते. "मॅडम, अंग नुसतं भाजतंय, उद्या नाही जमणार." तिकडून आरडाओरडा होत नाही. झाला असता तर ती निदान उलट बोलली असती. तिकडून समजावणीचा सूर लागतो. "अगं, एवढ्यानं काय होतंय? एक गोळी घे. आजींना तुझीच सवय आहे, त्या दुसरीच्या हातचं खात नाहीत. उद्याचा दिवस काढ, परवा बघू." परवाही तेच. तरी ती नाहीच म्हणाली, तर "मग तूच बदली शोधून दे." रात्री दहा वाजता, तापलेल्या अंगानं, तिनं मैत्रिणींना फोन करत बसायचं! आणि बदली मिळाली नाही तर केस जाते. पुढची केस कधी मिळेल ते ब्युरोच्या हातात, खोलीचं भाडं मात्र एक तारखेला द्यायचंच असतं. काही ठिकाणी एका खाड्याला दोन दिवसांचे पैसे कापतात. काही ठिकाणी पहिल्या महिन्याचा पगार अनामत म्हणून अडकवलेला असतो, तर कुठे मूळ सर्टिफिकेटंच ठेवून घेतलेली.

चोवीस तासांवालीचं दुखणं याहून अवघड. तिला आजारी पडायला जागाच नसते. केस सोडली तर डोक्यावरचं छप्परही जातं, म्हणून ती ताप अंगावर काढत पेशंटच्या पलंगाशेजारी सतरंजीवर पडून राहते. हल्ली खोलीत कॅमेरा असतो. न्यू जर्सीत बसलेला मुलगा तो बघतो आणि ब्युरोला कळवतो, "बाई दिवसभर बसूनच असतात." ती का बसली आहे, हे कॅमेऱ्यात दिसत नाही.

बाईचे हाल बाजूला ठेवले तरी, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या आजींचं काय होतं ते बघा.

पॅरासिटॅमॉलच्या गोळीनं ताप उतरतो, संसर्ग जात नाही. फ्लू झालेलं माणूस लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस दुसऱ्याला तो देऊ शकतं. मास्कचा उपयोग होतो, नाही असं नाही. पण बंद खोलीत बारा तास, अंघोळ घालताना, भरवताना, कुशीवर वळवताना दोघींची तोंडं एका हाताच्या अंतरावर असतात. बाईचा फ्लू चार दिवसांत निघून जाईल, आजींच्या छातीत तो न्यूमोनिया होऊन बसू शकतो. शिवाय म्हाताऱ्या माणसांना ताप भरेलच असं नाही. ती नुसतीच जेवेनाशी होतात, असंबद्ध बोलायला लागतात. घरच्यांना वाटतं, वयामुळे होत असेल.

पेशंटला नाकातून नळी असेल तर अन्न देताना डोकं आणि छाती उंच ठेवायची, दिल्यानंतरही अर्धा-एक तास तसंच ठेवायचं, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जातं. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. इन्सुलिनचे युनिट बघून घ्यायचे. हे सगळं डोकं ठिकाणावर असलेल्या माणसानं करायचं काम आहे. अंगात १०२ ताप असताना दोन तासांचे चार तास कधी झाले, हे चांगल्या चांगल्या सिस्टरलाही कळणार नाही.

डेंग्यूचं तर मी वर्गात पुन्हा पुन्हा सांगते. तो बाईकडून आजींना थेट लागत नाही, त्यामुळे ब्युरोला वाटतं, मग जायला काय हरकत? पण डेंग्यूत खरा धोका बहुतेकदा ताप उतरताना असतो, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. म्हणजे "ताप उतरला ना, ये मग कामावर" हा निरोप नेमका नको त्या दिवशी येतो. आणि अंगदुखी थांबावी म्हणून या मुली मेडिकलमधून आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा गोळ्या घेऊन ड्युटीला उभ्या राहतात. डेंग्यूत या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आजारी बाई कामावर आली की पेशंटचं काय होतं, याची आपल्याकडच्या घरांतली पाहणी माझ्या वाचनात नाही, पण कोविडमध्ये परदेशातल्या वृद्धाश्रमांत हे सगळ्यांसमोर आलं. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अमेरिकेत सिॲटलजवळच्या कर्कलंड इथे एका शुश्रूषागृहातून साथ पसरली. तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनं जी कारणं नोंदवली त्यात ही दोन होती: लक्षणं असतानाही कर्मचारी कामावर येत राहिले, आणि त्यांतले काही एकाहून अधिक ठिकाणी काम करत होते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पाच हजारांहून अधिक वृद्धाश्रमांची पाहणी झाली, व्हिवाल्डी अभ्यास या नावानं ती ओळखली जाते. जिथे कर्मचाऱ्यांना आजारपणाच्या दिवसांचा पगार मिळत होता, तिथे राहणाऱ्या वृद्धांमध्ये लागण कमी आढळली. मला हा निष्कर्ष फार बोलका वाटतो. पगार कर्मचाऱ्याचा, आणि वाचला तो पेशंट.

ब्युरोवाल्यांची बाजूही सांगते, कारण त्यांतल्या काही माझ्याच व्यवसायातल्या आहेत, एका खोलीत दोन फोन घेऊन बसणाऱ्या. सकाळी साडेआठला पेशंटच्या घरून ओरडणं त्यांनाच ऐकावं लागतं. तरीही हिशेब करून बघू. समजा घरचे महिन्याला २४,००० देतात आणि बाईच्या हातात १७,००० पडतात. दहा केसेस असतील तर ब्युरोकडे महिन्याला ७०,००० राहिले. त्यातून एक बाई कायम पगारावर बदलीसाठी ठेवली, तर १७,००० जातील. जागेचं भाडं, फोन, पोलीस व्हेरिफिकेशन धरूनही हे अशक्य नाही. नफा कमी होईल, एवढंच. ती बदली बाई ठेवलेली नसते, म्हणून आजारी बाईला पाठवलं जातं. खाडा होणार नाही ही हमी ब्युरो देतो खरा, पण ती पाळायची असते ताप आलेल्या मुलीनं.

कायदा काय म्हणतो? कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये नाव असेल आणि वर्गणीचे ठरावीक दिवस भरले असतील, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. पगाराची मर्यादा २१,००० रुपये. वर्गणी कामगाराची पाऊण टक्का, मालकाची सव्वातीन टक्के. १७,००० पगारावर बाईचे सव्वाशेच्या आसपास आणि मालकाचे साडेपाचशेच्या आसपास होतात. घोडं अडतं ते मालक कोण यावर. ब्युरो म्हणतो, "आम्ही फक्त गाठ घालून देतो." घरचे म्हणतात, "बाई ब्युरोची आहे." माझं मत विचाराल तर, जो खाडा कापतो तो मालक. पण हे माझ्यासारखीनं म्हणून भागत नाही, कागदावर यावं लागतं. घरात काम करणाऱ्यांच्या हक्कांबद्दलचा १८९ क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार २०११ मध्ये जिनिव्हात झाला. आपल्या देशानं त्याच्या बाजूनं मत दिलं, पण त्याला अजून औपचारिक मान्यता दिलेली नाही.

तोवर घरच्यांच्या हातात बरंच आहे, कारण पैसे ते देतात. ब्युरोशी बोलताना "खाडा होणार नाही ना" हे विचारूच नका. विचारा, "ताई आजारी पडली तर बदली कोण येईल? तिला आमच्या पेशंटचं काम कोण समजावून सांगेल? आजारपणाचे पैसे तिला मिळतात का?" उत्तर लेखी मागा. ज्या ब्युरोकडे बदलीची सोय नाही, त्याची हमी कितीही गोड असली तरी दुसरा ब्युरो बघा.

ताईलाही पहिल्याच दिवशी सांगा, की ताप, खोकला, जुलाब, डोळे आले, काहीही असलं तरी आम्हाला आधी फोन करा, पैसे कापणार नाही. महिन्यात एखाद्या दिवसाचे सातआठशे रुपये जातील. न्यूमोनियानं आयसीयूत एक दिवस काढायला किती लागतात, हे ज्यांनी ते बिल भरलंय त्यांना विचारा. चोवीस तासांची ताई असेल तर ती आजारी पडल्यावर झोपणार कुठे, तेही आधीच ठरवा. हॉलमध्ये का होईना, पण पेशंटच्या खोलीत नको.

माझं ऐकणाऱ्या सिस्टर आणि मावशींना एक सांगते. आजारी असल्याचं फोनवर सांगितलंत तरी मेसेजही टाका, तारीख आणि लक्षणांसकट. "मी सांगितलं होतं" याला पुरावा लागतो. डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा. आणि मूळ सर्टिफिकेट कुणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या.

आणि घरातल्या मुला-सुनांनो, जावयांनो, एखाद्या रविवारी ताईच्या शेजारी उभं राहून शिकून घ्या. नळीतून अन्न कसं द्यायचं, कूस कशी बदलायची, चादर पेशंटला न उठवता कशी काढायची. तासाभरात येतं. मुलं परदेशात असतील तर गावातल्या एखाद्या भाच्याला, पुतणीला, शेजाऱ्याला आधी विचारून ठेवा, आणि त्याचा नंबर ताईकडे द्या, ब्युरोकडे नाही. म्हणजे ताईला ताप आला तर रात्री दहाला ती पहिला फोन त्यालाच करेल.

नमस्कार.