घराण्यात काय येतं?

(ग्वाल्हेर येथे मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

ग्वाल्हेरात 'घराणं' म्हटलं की आधी गाणं आठवतं, आणि ते योग्यच आहे. पण इथल्या मराठी घरांत मी हा शब्द आणखी एका सुरात ऐकत मोठी झाले. मुलगी बघायला आलेली मंडळी चहा-पोहे आटोपल्यावर आवाज खाली आणून विचारायची, "घराण्यात कुणाला तसलं काही नाही ना?" 'तसलं' म्हणजे काय, हे कुणी सांगायचं नाही आणि कुणी विचारायचंही नाही. उत्तर ठरलेलं असायचं: "छे, छे!" मी आज त्या 'तसल्या'विषयीच बोलणार आहे. स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होतात तो), बायपोलर (कधी उन्माद तर कधी नैराश्य येतं तो), तीव्र नैराश्य या आजारांत जनुकांचा वाटा किती आणि तो कसा काम करतो, हे शोधण्यात माझी पंचवीसहून जास्त वर्षं गेली.

हे काम प्रयोगशाळेत सुरू होत नाही. ते कागद-पेन्सिलीने सुरू होतं. वंशावळ काढायची. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, लग्नाची आडवी रेघ, मुलांची उभी. जो आजारी त्याचा चौकोन काळा करायचा, जो धडधाकट त्याचा रिकामा सोडायचा. शिकत होते तेव्हा सराव म्हणून मी आमचीच वंशावळ काढायला घेतली. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं जुनं घर, आत्याचं स्वयंपाकघर. आत्या ताटात गव्हले वळत होती आणि नावं सांगत होती. तीन भाऊ झाले. बाहेरच्या खोलीतल्या फोटोत मात्र टोप्या घातलेले चार मुलगे होते. मी विचारलं, "आणि चौथा?" तिची बोटं थांबली. म्हणाली, "तो मुंबईला गेला. तिकडेच वारला." नाव विचारलं तर उठून गॅस बारीक करायला गेली. मी चौकोन काढला, खाली प्रश्नचिन्ह घातलं आणि चौकोन रिकामा सोडला.

एक रिकामा चौकोन चुकला तर काय होतं, ते आमच्या शास्त्राने फार मोठी किंमत देऊन शिकलं आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये आमिश नावाचा एक धर्मनिष्ठ समाज राहतो. मोठी कुटुंबं, पिढ्यान् पिढ्यांच्या नोंदी, दारूपासून दूर. बायपोलरचं जनुक शोधायला याहून चांगली जागा नाही, असं सगळ्यांना वाटलं. १९८७ साली जॅनिस एगलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं की अकराव्या गुणसूत्रावर, म्हणजे पेशीत जनुकं वाहून नेणाऱ्या धाग्यांपैकी एकावर, त्या आजाराचा ठिकाणा लागला. जगभर बातमी झाली. दोनच वर्षांनी, १९८९ मध्ये, त्याच नियतकालिकात फेरतपासणी आली. ज्यांना निरोगी धरलं होतं अशा दोघांना मधल्या काळात आजार झाला होता, शिवाय त्या घराण्याच्या आणखी काही शाखा तपासल्या गेल्या होत्या. सगळं गणित कोसळलं. तिथे कुणी खोटं बोललं नव्हतं. आजार उशिरा आला, एवढंच. त्या लोकांनी स्वतःची चूक स्वतः छापली, याचा मला आजही आदर वाटतो.

तरीही आम्ही एकाच जनुकाच्या मागे धावत राहिलो. स्कॉटलंडमधल्या एका कुटुंबात पहिल्या आणि अकराव्या गुणसूत्राचे तुकडे आपसांत बदलले होते आणि मानसिक आजार पुष्कळ होते, असं १९९० मध्ये प्रसिद्ध झालं. त्या मोडलेल्या जागेवर २००० साली एक जनुक सापडलं आणि त्याचं नावच आजारावरून ठेवलं गेलं: डिस्क-वन, म्हणजे 'डिसरप्टेड इन स्किझोफ्रेनिया', स्किझोफ्रेनियात मोडलेलं. त्यावर शेकड्यांनी लेख निघाले. पण त्या कुटुंबातली खरी शिकवण वेगळी होती. तोच बदल अंगात असून एकाला स्किझोफ्रेनिया, दुसऱ्याला नैराश्य, आणि तिसऱ्याला काहीच नाही.

माझ्या कामाचा हिशेबही इथेच मांडते. माझ्या पहिल्या अभ्यासात दोनशे रुग्ण होते आणि दोनशे निरोगी माणसं. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घ्यायचं, पेशी फोडायच्या, प्रथिनं बाजूला काढायची आणि वरून थंडगार अल्कोहोल हलकेच सोडायचं. दोन थरांच्या सीमेवर पांढरे, गुंतलेले, अगदी बारीक धागे तरंगायला लागतात. काचेच्या कांडीवर ते गुंडाळून घेता येतात. तो डीएनए. पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या चारशे नळ्यांमधून मी एका जनुकाचा निष्कर्ष काढला. आकडे छान जुळले. पुढच्या तुकडीचे नमुने आले आणि निष्कर्ष विरून गेला. जगात तेव्हा बहुतेक ठिकाणी हेच चाललं होतं. नैराश्याशी नाव जोडलेली अठरा प्रसिद्ध जनुकं २०१९ मध्ये लाखो लोकांच्या माहितीवर पुन्हा तपासली गेली, तेव्हा कुठल्याही इतर जनुकापेक्षा त्यांच्यात काही विशेष आढळलं नाही. दोनशे नमुने म्हणजे समुद्र समजून घ्यायला घेतलेलं तांब्याभर पाणी होतं.

मग समुद्राकडेच जावं लागलं. २००७ पासून निरनिराळ्या देशांतल्या संशोधकांनी आपापले नमुने एकत्र करायला सुरुवात केली. २०१४ साली सुमारे ३७ हजार रुग्ण आणि १ लाख १३ हजार इतर, यांच्या तुलनेतून स्किझोफ्रेनियाशी निगडित डीएनएवरच्या १०८ जागा सापडल्या. २०२२ मध्ये रुग्णांची संख्या ७६ हजारांवर गेली आणि जागा २८७ झाल्या. यातली एकेक जागा जोखीम अगदी चिमूटभर वाढवते. आणि हे बदल तुमच्या-माझ्या, या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या अंगात आहेत. कुणात थोडे कमी, कुणात थोडे जास्त. ज्या घराण्यात 'तसलं काही नाही' असं घराणं मला अजून भेटलेलं नाही. काही दुर्मीळ बदल मात्र मोठे घाव घालतात. बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळालेला असेल, तर साधारण चारातल्या एकाला पुढे स्किझोफ्रेनियासारखा आजार होतो. पण असे लोक थोडे.

आता एका आकड्यापाशी थांबायला हवं, कारण त्याने फार गैरसमज केलेत. स्किझोफ्रेनियाची आनुवंशिकता सुमारे ८० टक्के, असं तुम्ही वाचलं असेल. लोक त्याचा अर्थ काढतात: बापाला असेल तर मुलाला ८० टक्के होणार. तसं अजिबात नाही. लोकसंख्येत माणसामाणसांत आजाराच्या कलाचा जो फरक दिसतो, त्यातला किती भाग जनुकांतल्या फरकांनी समजतो, एवढंच तो आकडा सांगतो. एका माणसाच्या नशिबाविषयी तो काहीच बोलत नाही. डेन्मार्कमध्ये जुळ्यांच्या तीस हजारांहून जास्त जोड्यांची नोंद तपासून २०१८ मध्ये अभ्यास आला. त्यात आनुवंशिकता ७९ टक्के निघाली. पण त्याच अभ्यासात एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार असताना दुसऱ्यालाही होण्याचं प्रमाण निघालं ३३ टक्के. डीएनए जवळजवळ तंतोतंत तोच, आणि तरी तिघांतले दोघं बरे. आईच्या पोटात असताना झालेली उपासमार, अवघड बाळंतपण, कोवळ्या वयातला गांजा, यांचाही हात असतो. सख्ख्या भावंडांमध्ये जुन्या अभ्यासांनुसार जोखीम शंभरात साधारण नऊ. म्हणजे एक्याण्णव जणांना काही होत नाही. सर्वसाधारण लोकांत ती शंभरात एकाच्या आसपास असते. आणि ज्यांना हा आजार होतो त्यांतल्या बहुसंख्यांच्या आई-बापांना, भावंडांना तो नसतोच.

जागा सापडल्या, पण त्या करतात काय? माझ्या मते या सगळ्या प्रवासातलं सर्वांत सुंदर काम २०१६ चं आहे. सहाव्या गुणसूत्रावर, रोगप्रतिकाराच्या जनुकांच्या दाटीत, सगळ्यांत ठळक खूण होती. तिथे काय आहे ते कळत नव्हतं. स्टीव्ह मॅककॅरोल यांच्या प्रयोगशाळेत अस्वीन सेकर या विद्यार्थ्याने बेथ स्टीव्हन्स आणि इतरांबरोबर ते उलगडलं. तिथे सी-फोर नावाचं जनुक आहे. त्याच्या प्रती कुणात कमी, कुणात जास्त. त्याचं प्रथिन जंतूंवर खूण करतं, म्हणजे 'हे खाऊन टाका' असा शिक्का मारतं. मेंदूत तोच शिक्का पेशींमधल्या सांध्यांवर बसतो. तुम्ही वाफ्यात मुळा पेरला असेल तर विरळणी केली असेल. दाट उगवलेली रोपं काढल्याशिवाय उरलेली नीट वाढत नाहीत. वयात येताना मेंदूही अशीच सांध्यांची विरळणी करतो. ती गरजेची आहे. सी-फोरचा एक प्रकार जास्त तयार होत असेल तर विरळणी गरजेपेक्षा जास्त होत असावी, असं या कामातून पुढे आलं. कॉलेजात जाणारं, हसतंखेळतं पोर अठराव्या-विसाव्या वर्षी एकाएकी का बदलतं, असं आई-वडील विचारतात, तेव्हा मला त्या वाफ्याची आठवण होते. इथेही एक सांगते: सर्वांत जोखमीच्या रूपातसुद्धा सी-फोर जोखीम सव्वापटीच्या आसपासच वाढवतं.

वंशावळीच्या चौकोनांचा एक काळाकुट्ट इतिहास आहे आणि तो मी दर व्याख्यानात सांगते. म्युनिकच्या एर्न्स्ट र्‍यूडीन यांनी १९१६ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या कुटुंबांचा पहिला पद्धतशीर अभ्यास छापला. आमची पद्धत तिथून आली. याच र्‍यूडीन यांनी १९३३ च्या नाझी नसबंदी कायद्याचं अधिकृत भाष्य लिहिण्यात भाग घेतला. पुढे नसबंदी झालेल्या आणि ठार मारल्या गेलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची संख्या दोन लाखांहून जास्त असावी, असा अंदाज आहे. आणि युद्धानंतर जर्मनीत नव्या रुग्णांचं प्रमाण? ते घटलं नाही. जे बदल सगळ्यांमध्ये विखुरलेले आहेत, ते काही घराणी खुडून संपत नाहीत.

आपल्याकडच्या लोकांचे नमुने या मोठ्या अभ्यासांत अजून फार थोडे आहेत. चेन्नईच्या स्कार्फ या मानसिक आजारांवर काम करणाऱ्या संस्थेने ऑस्ट्रेलियन संशोधकांबरोबर २०१९ मध्ये भारतीयांवरचा असा एक अभ्यास केला. असे आणखी पुष्कळ हवेत. लग्नाआधी डीएनए तपासून द्या, अशी विनंती मला दर महिन्याला कुणीतरी करतं. एका माणसापुरतं उत्तर देण्याची ताकद आज या चाचण्यांत नाही. मी ती करत नाही आणि तुम्हीही पैसे देऊ नका. त्यापेक्षा घरातलं पोर महिनोन् महिने खोलीबाहेर येत नसेल, झोपत नसेल, कुणी बोलतंय असं म्हणत असेल, तर डॉक्टरकडे न्या आणि घरात आधी कुणाला आजार होता हे तिथे न लपवता सांगा. उपचार जितक्या लवकर, तितका गुण.

आपल्या गावातल्या मानसिक आरोग्यशाळेवर, रांची आणि आग्र्याच्या जोडीने, लक्ष ठेवण्याचं काम १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानवाधिकार आयोगाकडे दिलं. अशा संस्थांमधला सर्वांत जुना प्रश्न औषधांचा नाही. माणूस बरा होतो आणि त्याला न्यायला कुणी येत नाही.

वंशावळ काढल्यानंतर अकरा वर्षांनी आत्या गेली. ऐंशीच्या घरात, खणखणीत शुद्धीत. तिच्या ट्रंकेत लुगड्यांच्या खाली सात पोस्टकार्डं निघाली. दूरच्या एका मनोरुग्णालयातून आलेली, सगळी १९५० च्या सुमाराची. अक्षर फार सुरेख. शेवटच्या कार्डात लिहिलं होतं, "इथले डॉक्टर म्हणतात आता बरा आहे. दिवाळीला येऊ का?" त्या वर्षी आत्याचं लग्न ठरत होतं. घरातल्यांनी उत्तर पाठवलं नाही.

मी जुना कागद शोधून काढला, चौकोन पेन्सिलीने काळा केला आणि प्रश्नचिन्ह खोडून तिथे नाव लिहिलं. ते नाव मला पोस्टकार्डाखालच्या सहीवरून कळलं.