तीन म्हणजे तीन

नमस्कार श्रोतेहो. निवडणूक आली की उमेदवारी अर्जाची वेळ छापून येते, सकाळी अकरा ते दुपारी तीन. त्यातलं अकरा विसरलात तरी चालेल, तीन विसरू नका.

29 ऑक्टोबर 2024. विधानसभेच्या अर्जांचा शेवटचा दिवस, त्यात धनत्रयोदशी. मंगळवार असल्यामुळे राहुकाळही तीनलाच सुरू होणार! नागपूर मध्यमधून माजी मंत्री अनीस अहमद उभे राहणार होते. तीनदा आमदार झालेला माणूस, म्हणजे अर्ज काही पहिल्यांदा भरत नव्हते. पण ऐनवेळी काँग्रेस सोडून ‘वंचित’ची उमेदवारी घेतलेली, त्यामुळे सगळीच धावपळ. नवं बँक खातं काढा, ना-देय प्रमाणपत्र आणा. त्यात रस्ते बंद, गाड्या अडवलेल्या, असं त्यांनी नंतर सांगितलं. निवडणूक अधिकाऱ्यांपर्यंत पोचले तेव्हा काटा तीनच्या पुढे सरकला होता. किती? मिनिटं हो, मिनिटं! आपला प्रतिनिधी आधीपासून आत बसलाय, असं त्यांचं म्हणणं. अधिकाऱ्यांनी ऐकलं नाही. माजी मंत्री रात्री आठपर्यंत तिथेच ठाण मांडून बसले. अर्ज काही घेतला गेला नाही. पुढे काही दिवसांत स्वारी पुन्हा काँग्रेसमध्ये!

आता मला सांगा, अर्ज भरायला ढोलताशे हवेतच कशाला? आत उमेदवार धरून पाचच माणसं सोडतात. बाकीचे चौकात वाहतूक अडवून उभे, आणि त्यात आपली एसटी अडकलेली. मिरवणूक काढायचीच तर अर्ज दिल्यावर काढा की.

असो. विधानसभेला अनामत दहा हजार, अनुसूचित जाती-जमातींना पाच हजार. मान्यताप्राप्त पक्षाला सूचक, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवणारा मतदार, एक पुरतो, अपक्षाला दहा लागतात, आणि दहाही त्याच मतदारसंघातले. खर्चाचं वेगळं बँक खातं निदान आदल्या दिवशी उघडलेलं हवं. पक्षाचा एबी फॉर्मही, म्हणजे ‘हा आमचा अधिकृत उमेदवार’ असं सांगणारा पक्षाचा कागद, शेवटच्या दिवशी तीनच्या आत. पुन्हा सांगतो, तीनच्या आत. प्रतिज्ञापत्रात एकही रकाना कोरा सोडायचा नाही. गुन्हा नसेल, कर्ज नसेल, तर ‘निरंक’ लिहा, ‘लागू नाही’ लिहा, पण काहीतरी लिहा.

आणि अर्ज दिला की राज्यघटनेशी निष्ठेची शपथ तिथल्या तिथे उरकून घ्या. छाननीच्या दिवशी घेऊ म्हणाल, तर ती चालत नाही. आदल्या दिवसापर्यंतच व्हावी लागते.