इंदूरहून ध्रुव फक्त वीतभर उंच

नमस्कार मंडळी! आधी हात समोर ताणा आणि वीत करा. करंगळी क्षितिजाला टेकवली, की अंगठ्याच्या आसपास, बरोब्बर उत्तरेला जो मध्यम तेजाचा तारा दिसतो, तो ध्रुव. इंदूरचा अक्षांश साधारण 22.7, म्हणून ध्रुवही जवळपास तेवढेच अंश वर. स्टार ट्रेल, म्हणजे रात्रभर फिरणाऱ्या ताऱ्यांच्या गोल रेषा दाखवणारं, बरेच फोटो जोडून केलेलं चित्र, करणाऱ्याला याहून मोठी सोय नाही. एखाद्या विहिरीजवळचं झाड आणि ध्रुव, दोन्ही साध्या 18 एमएम लेन्समध्ये कॅमेरा आडवा ठेवूनही मावतात.

आता जागा. आपण इंदूरकर फिरायला निघालो की जानापाव नाहीतर मांडू. पण शहराच्या दक्षिणेला जाऊन कॅमेरा उत्तरेकडे वळवला, की समोर पुन्हा शहराचाच उजेड. म्हणून मी देपालपूरच्या पुढे, ओळखीच्यांच्या शेतावर जातो. इंदूर पाठीमागे राहतं. रात्र अमावस्येच्या आसपासची.

ट्रायपॉड घट्ट रोवा. फोकस मॅन्युअल करा, स्क्रीनवर एखादा ठळक तारा मोठा करून बघा आणि तो सुईच्या टोकाएवढा होईपर्यंत रिंग अगदी हळू फिरवा. मग अ‍ॅपर्चर एफ/4, आयएसओ 800 ते 1600, शटर 30 सेकंद, कंटिन्युअस मोड, आणि केबल रिमोटचं बटण लॉक. तासाभरात सुमारे 120 फोटो होतात आणि प्रत्येक तारा 15 अंश सरकतो. तासभराचा एकच फोटो का नाही? कारण त्यात आकाशाचा उजेड साठत जाऊन फोटो पांढरा पडतो.

आणि हे नक्की बघा: 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' बंद हवं! माझ्या पहिल्या रात्री ते चालू राहिलं. प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ थांबायचा. घरी आल्यावर बघतो तर रेषांऐवजी धावदोरा! दोन तासांची थंडी वाया गेली, फार वाईट वाटलं.

गव्हाला पाणी दिलेलं असेल तर लेन्सवर दव लवकर धरतं. दर वीस मिनिटांनी टॉर्च कॅमेऱ्यापासून लांब धरून काच तपासा.

सगळे फोटो 'स्टारस्टॅक्स' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाका, 'लाइटन' (प्रत्येक ठिकाणी सगळ्यांत उजळ तेच ठेवणारा पर्याय) निवडा. विमानाची रेघ आली असेल, तर फक्त त्या एका फोटोत तिच्यावर काळा ब्रश फिरवून मग जोडा. आणि चित्र तयार झालं की मधोमध नीट बघा, आपला अढळ ध्रुवसुद्धा इवलासा सरकलेला दिसेल.